आत्मकथन शिकवायचं: दोन दिवसांची कार्यशाळा की आठ आठवड्यांचा वर्ग?

नव्याने शिकवू लागलेल्या लेखकाला कार्यशाळा सोपी वाटते: सभागृह एकदाच घ्यायचं, पंचवीस-तीस जण येतात, पैसे लगेच हाती पडतात. पण लोक आठवण बोलून मोकळे होतात. प्रसंग कागदावर उतरत नाही, कारण पुनर्लेखनाला वेळच उरत नाही.

लिहितं करायचं तर वर्गच हवा. त्यात आठ-दहाच जण घ्यावेत. प्रत्येकी हजार शब्द धरले, तर दोन तासांत तिघांचंच लेखन नीट वाचून चर्चा होते. म्हणून पाळ्या आधीच लावाव्यात. घरच्या माणसांबद्दल लिहायची वेळ आली की गळती सुरू होते. वर्गातलं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं आणि फी आगाऊ घ्यावी. स्वतःचं पुस्तक चालू असेल, तर वर्षाला दोनच तुकड्या. इतरांची हस्तलिखितं तपासण्यातच लिहायच्या सकाळी जातात.