डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: पैसे आधी भरावेत की जागेवर?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरवताना हॉटेल आणि तिकिटांपाठोपाठ हा प्रश्न येतोच: डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी मुक्कामातल्या जेवणांचे पैसे डायनिंग प्लॅन घेऊन आधीच भरावेत, की खाताना जागेवर द्यावेत? माझं मत आधीच सांगते. मद्य न घेणाऱ्या, त्यातही शाकाहारी असलेल्या मोठ्यांना हा प्लॅन बहुतेक वेळा महाग पडतो. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना मात्र तो खरोखर स्वस्त पडतो. अडचण अशी, की खोलीतल्या तीन वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो, आणि तोही पूर्ण मुक्कामासाठी. मुलांना प्लॅन आणि आईवडिलांचं जागेवर, असं जमत नाही.

करोनाकाळात बंद झालेले हे प्लॅन जानेवारी २०२४ मध्ये परत आले. तेव्हाचे दर हिशोबाला घेते. पुढे ते वाढले, पण मेनूचे भावही वाढले. क्विक सर्व्हिस प्लॅनला मोठ्यांना दर रात्री ५७.०१ डॉलर आणि मुलांना २३.८३ डॉलर. त्यात काउंटरवरची दोन जेवणं, एक स्नॅक आणि मुक्कामभर पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा पेयाचा मग मिळतो. दुसऱ्या, मोठ्या डायनिंग प्लॅनचा दर अनुक्रमे ९४.२८ आणि २९.६९ डॉलर. त्यात काउंटरच्या एका जेवणाऐवजी टेबलावर बसून जेवण मिळतं, म्हणजे मुख्य पदार्थ, पेय आणि गोड, किंवा पूर्ण बुफे.

आधी क्विक सर्व्हिस. काउंटरवरचा पदार्थ साधारण १३ डॉलर आणि सोडा ५. अशी दोन जेवणं ३६ डॉलरची, वर सहा-सात डॉलरचा स्नॅक. ६.५ टक्के कर धरला तर ४६ च्या आसपास. पेयाचा मग वेगळा घेतला तर सुमारे २० डॉलरला मिळतो. चार रात्रींवर विभागला तर रोजचे ५. एकूण ५१, आणि भरले ५७. शिवाय तो मग फक्त हॉटेलात भरता येतो, पार्कात नाही. सोड्याऐवजी दोन्ही जेवणांबरोबर बिअर किंवा कॉकटेल घेणाऱ्याचा हिशोब इथेच उलटतो, कारण २१ वर्षांवरील व्यक्तीला त्याच क्रेडिटमध्ये (प्लॅनमधल्या एका जेवणाच्या हक्काला क्रेडिट म्हणतात) मद्य चालतं.

मोठ्या प्लॅनमध्ये फरक आणखी ठळक आहे. टेबलावरच्या एका क्रेडिटवर स्टेक मागवा किंवा भाज्यांचा पास्ता, क्रेडिट एकच जातं. २५ डॉलरचा शाकाहारी पदार्थ, सोडा आणि गोड मिळून कर धरून ४३ डॉलर होतात. बाकीचं काउंटरचं जेवण, स्नॅक आणि मग धरला तर दिवसाचे ७३ ते ७५. म्हणजे रोज माणशी वीसेक डॉलर पाण्यात. आपल्याकडची बरीच कुटुंबं दोघांत एक ताट वाटून घेतात. त्यांचं नुकसान याहून जास्त.

मग हा मोठा प्लॅन फायद्याचा कधी? मिकी, गूफी टेबलाशी येऊन भेटतात ती कॅरेक्टर बुफे जेवणं. शेफ मिकीज्‌मध्ये रात्रीच्या बुफेला २०२४ मध्ये मोठ्यांना ६० डॉलरच्या पुढे आणि मुलांना ४० च्या आसपास पडत. ज्या मुलाच्या पूर्ण दिवसाच्या प्लॅनला तेव्हा ३० डॉलरही लागत नव्हते, त्याचं एकच जेवण ४० चं! दोन मोठे आणि दोन मुलं असतील तर बुफेच्या एका दिवसाची बचत साध्या टेबल जेवणाच्या दोन दिवसांचं नुकसान भरून काढते. मुलांना अशी दोन-तीन जेवणं द्यायचीच असतील, तर चार-पाच रात्रींसाठी हा प्लॅन मी नक्की घेईन. कॅलिफोर्निया ग्रिलसारख्या सिग्नेचर, म्हणजे वरच्या दर्जाच्या महागड्या रेस्टॉरंटमध्ये मात्र दोन क्रेडिटं जातात. तिथे पैसे द्यावेत, क्रेडिट राखून ठेवावं.

दरात न दिसणारा खर्च म्हणजे टिप. ती सहसा प्लॅनमध्ये नसते, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की बिलातच १८ टक्के लावतात. क्रेडिटं रात्रींच्या हिशोबाने मिळतात, चार रात्री म्हणजे चारच दिवसांची, आणि चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी बुडतात. शेवटच्या दिवशी पोट भरलेलं असताना स्नॅकचे पुडे घेत फिरणं यातूनच येतं.

जागेवर पैसे देण्याच्या बाजूने दोन गोष्टी फारशा कुणी सांगत नाही. डिस्नेच्या पार्कात स्वतःचं खाणं नेता येतं (काचेची भांडी आणि मद्य नाही), आणि काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं. नाश्ता हॉटेलच्या खोलीत आणि दुपारी डबा असेल, तर कुठलाच प्लॅन त्या खर्चाच्या जवळ येत नाही.

‘तिथे प्रत्येक घासाला आकडा बघायला नको’ म्हणून प्लॅन घेणाऱ्यांची भावना मला अगदी पटते. त्यांच्यासाठी डिस्नेचं गिफ्ट कार्ड बरं. महिन्याला थोडी थोडी रक्कम घालून अनेक कार्डं साठवा. पैसे आधीच दिलेले राहतात, टिपही त्यातून जाते आणि शिल्लक मुदतीने बुडत नाही.

तरीही मन प्लॅनकडे झुकत असेल, तर आधी टेबल मिळवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पहिल्याच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची जेवणं एकदम राखता येतात. प्लॅन घेतला म्हणून टेबल मिळत नाही. बुकिंगनंतरही प्लॅन जोडता येतो, तेव्हा कॅरेक्टर बुफे हाती लागले तरच तो जोडा.