घोस्ट बॉल, फ्रॅक्शन की पिव्हट? पूलमध्ये नेमाची पद्धत ठरवताना

सरळ शॉट पडायला लागले की पूल या टेबलावरच्या खेळातली खरी अडचण कटची, म्हणजे समोरचा बॉल कोनात पाठवण्याची. पांढरा बॉल, समोरचा बॉल आणि पॉकेट एका रेषेत नसतात, आणि पांढऱ्याने नेमकं कुठे धडकायचं याची टेबलावर कुठेच खूण नसते. यासाठी चार पद्धती सर्रास शिकवल्या जातात. त्यातल्या तिघींची भूमिती एकच आहे, फरक फक्त नजर कुठे ठेवायची याचा. चौथीवरून मात्र खेळाडूंमध्ये भांडणं होतात.

घोस्ट बॉल सगळ्यात लवकर समजते. पॉकेटपासून समोरच्या बॉलच्या मध्यातून मागे रेषा ओढायची, त्या रेषेवर बॉलला चिकटलेला एक काल्पनिक पांढरा बॉल ठेवायचा आणि आपला पांढरा तिथे पोचवायचा. तोटा असा की ज्यावर नेम धरायचा ती जागा रिकामी असते. पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा. धडकेच्या क्षणी पांढरा १ मिमी जरी बाजूला असला, तरी समोरचा बॉल किमान १ अंशाने वाकडा जातो, म्हणजे मीटरभर पुढे पावणेदोन सेंटिमीटर. कॉर्नर पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर असतं. त्यामुळे २ मिमीच्या चुकीत बॉल पॉकेटच्या कडांवर आपटून बाहेर राहू शकतो. पातळ कटवर, म्हणजे पांढरा बॉलच्या कडेलाच लागतो तिथे, तर हीच चूक आणखी मोठी होते.

दुसरी पद्धत कॉन्टॅक्ट पॉइंटची, म्हणजे पांढरा जिथे लागायला हवा त्या बिंदूची. इथे समोरच्या बॉलवरचा खरा बिंदू दिसतो, हे बरं. पण नवा खेळाडू हमखास पांढऱ्याचा मध्य त्याच बिंदूवर रोखतो आणि धडक जाड होते, म्हणजे हवी त्याहून मध्याजवळ बसते. मध्यापासून त्या बिंदूपर्यंत जेवढं अंतर दिसतं, त्याच्या दुप्पट अंतरावर नेम धरावा लागतो. कट ३० अंशांच्या पुढे गेला की हा नेम बॉलच्या बाहेर पडतो आणि पुन्हा हवेतला अंदाज सुरू होतो.

फ्रॅक्शनमध्ये बिंदू शोधायचाच नाही, पांढऱ्याने समोरचा बॉल किती झाकायचा ते ठरवायचं. पाऊण झाकला तर कट साधारण साडेचौदा अंशांचा, अर्धा झाकला तर ३०, पाव झाकला तर ४९ च्या आसपास. अर्ध्याचा शॉट तर वरदानच: पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर रोखला की झालं, आणि कड डोळ्याला स्पष्ट दिसते. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. ३० अंशांचा शॉट पक्का बसला की समोर आलेला शॉट त्याच्यापेक्षा जाड की पातळ, एवढाच प्रश्न उरतो. मधले कोन हीच या पद्धतीची उणीव. पाऊण आणि अर्ध्यामध्ये पंधरा अंशांची फट आहे. ती भरायला पाच-अष्टमांश घ्या (सुमारे २२ अंश), नाहीतर तेवढ्यापुरता घोस्ट बॉल. दोन पद्धती मिसळण्यात काही गैर नाही.

पिव्हट पद्धतींचं मूळ बहुतेकदा हॅल हूल यांच्यापर्यंत नेलं जातं. सेंटर-टू-एज हे त्यातलं गाजलेलं नाव. पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेशी जुळवायचा, क्यू (मारायची काठी) थोडा बाजूला धरायचा आणि मध्यावर वळवायचा. याने शॉटआधीची शिस्त लागते, हे नाकारता येत नाही. पण मोजक्या जुळवण्यांतून सगळे कोन निघतात हा दावा मला पटत नाही. उरलेली दुरुस्ती सरावलेला डोळाच करतो. ज्याचा डोळा अजून तयार नाही त्याने इथून सुरुवात करू नये.

पद्धत कुठलीही निवडा, थ्रो चुकत नाही. दोन बॉल घासतात तेव्हा समोरचा बॉल पांढऱ्याच्या दिशेकडे थोडा ओढला जातो आणि शॉट जाड पडतो. हळू मारलेल्या, पांढरा न घरंगळता सरकत जाऊन धडकणाऱ्या शॉटमध्ये आणि मळकट बॉलवर हे जास्त जाणवतं, जोरात मारल्यावर कमी. म्हणून हळू शॉटला नेम किंचित पातळ धरायचा. किती पातळ, हे प्रत्येकाच्या वेगावर ठरतं. पद्धत तुमची स्वतःची होते ती याच आकड्यावर.

तो काढायचा तर कापडावर कागदी गोल चिकटवून दोन्ही बॉलच्या जागा पक्क्या करा, अर्ध्याचा शॉट एकाच वेगाने पुन्हा पुन्हा मारा आणि हुकलेला प्रत्येक शॉट जाड की पातळ ते लिहा. सगळे एकाच बाजूला हुकत असतील तर नेम किंवा क्यूवर डोकं धरण्याची जागा बदला. कधी इकडे, कधी तिकडे हुकत असतील तर पद्धत बदलून उपयोग नाही, स्ट्रोक वाकडा आहे. या चाचणीत साइड स्पिन (पांढऱ्याला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी) अजिबात नको: त्याने पांढरा बॉलच नेमाच्या रेषेवरून सरकतो आणि नोंदीतून काहीच कळत नाही.