आठ बाय चार फुटी प्लाझ्मा टेबलला (टॉर्च मोटरने फिरवून पत्रा कापणारं मशीन) बॉलस्क्रू (आट्यांचा दांडा, त्यावर सरकणारा नट) लावू की रॅक-पिनियन (दात्यांची सरळ पट्टी आणि तीवर फिरणारं छोटं दातेरी चाक)?

टॉर्च पळवायचा तिसरा पर्याय बेल्ट, त्याचं आधी उरकतो. छोट्या लेसरला बेल्ट मस्त चालतो, पण अडीच मीटरवर तो ताणतोच आणि प्लाझ्माच्या ठिणग्यांखाली रबर ठेवायची माझी तरी हिंमत झाली नाही. राहिले बॉलस्क्रू आणि रॅक, ते मी दोन्ही लावून बघितलेत, एक काढून दुसरं, म्हणजे खिसा दोनदा कापला गेलाय.

आधी मीही आकड्यांना भुललो. 1605 चा स्क्रू म्हणजे 16 मिमी जाड, फेऱ्याला 5 मिमी, मोटरच्या एका फेरीचे 1600 मायक्रोस्टेप (बारीक टप्पे), म्हणजे मिमीला बरोब्बर 320 स्टेप, आणि प्ले (दिशा पलटताना जाणवणारी ढिलाई) नसल्यातच जमा. रॅकच्या हिशोबात पाय (π, 3.14 वाला) घुसतो, माझं सेटिंग आज मिमीला 76.394 स्टेप असलं काहीतरी विचित्र आहे. म्हटलं अ‍ॅक्युरसी पाहिजे ना, मग स्क्रूच.

चार फुटी आडव्या बाजूला काहीच तक्रार नव्हती. ताप झाला लांब बाजूचा. 16 मिमीचा स्क्रू अडीच मीटर टाकला की मधे स्वतःच्याच वजनाने झोल खातो आणि वेग वाढवला की उड्या मारायच्या दोरीसारखा फुगून फिरायला लागतो. माझ्याकडे 300 आरपीएमच्या आसपासच सुरू व्हायचं, म्हणजे मिनिटाला जेमतेम दीड मीटर, आणि पातळ पत्र्याला त्याच्या दुप्पट तरी पाहिजे, हळू कापलं की खाली ड्रॉस (वितळून थिजलेला धातू) चिकटतो मग बसा ग्राइंडर घेऊन. टॉर्च एका कटवरून दुसऱ्यावर पळताना तर टेबल असं थडथडायचं की आई वरून ओरडायची, काय पाडतोयस रे! आणि सरळ कडेवर बारीक लाटा, ज्या अ‍ॅक्युरसीसाठी पैसे घातले तीच गायब. जाडा 25 चा टाका म्हणतात, पण तो फिरवण्यातच स्टेपर मोटर दमते. नटात जाणारी काळी भुकटी वेगळीच.

रॅक मी मॉड्यूल 1 ची (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप) घेतली, 20 दात्यांची पिनियन. मोटरला डायरेक्ट लावू नका, फेऱ्याला 62.8 मिमी पळते, एक स्टेप 0.04 मिमीची पडते. मी 20 आणि 60 दात्यांच्या पुली टाकून तिप्पट रिडक्शन केलं (हो, बेल्ट मागच्या दाराने परत आलाच) आणि पिनियन स्प्रिंगने रॅकवर दाबून ठेवली. रॅकच्या दोन तुकड्यांचा जोड मात्र डोळ्याने लावू नका, तिसरा तुकडा उलटा धरून दातात दात बसवा, क्लॅम्प मारा आणि मगच बोल्ट आवळा. मी आधी अंदाजाने लावलं होतं तर दर वेळी त्याच जागी टॉर्च अडखळायची.

प्ले थोडा असेलही, डायल गेज लावून मी मोजलेला नाही. गोल कापला की दिशा पलटते त्या चार जागी चपटा होतो का तेवढं बघतो, माझ्या बेसप्लेटच्या भोकांत बोल्ट न ठोकता जातात. आणि प्लाझ्माचा कर्फच (कापाची रुंदी) दीड मिमीच्या आसपास, तिथे शतांश मोजून करायचं काय?

अर्थात दोन बाय तीन फुटी टेबलवर अ‍ॅल्युमिनियम मिलिंग करणार असाल तर मी सांगतोय ते विसरा, बॉलस्क्रूच घ्या, माझ्या झेडला (टॉर्च वर-खाली करणाऱ्या अक्षाला) अजून तोच आहे. काढलेले दोन लांब स्क्रू भिंतीला टेकून उभे आहेत, कापून छोट्या मशीनला वापरणार असाल तर घेऊन जा, आईला ती जागा हवीय.