थेक्कडीहून वेलची आणणार असाल तर आधी हे वाचा

मे महिन्यात मुन्नारहून थेक्कडीला गेलो. वाटेत उंच झाडांच्या सावलीत वेलचीचे मळेच मळे. याच मलबारच्या मसाल्यांसाठी 1498 साली वास्को द गामा कोळीकोडजवळ उतरला होता. आमच्या दापोलीच्या घरी पोफळींवर मिरवेल आहे, त्यामुळे मिरी मला हातात घेतली की कळते. वेलची कळत नव्हती, आणि तिथेच फसले.

ड्रायव्हरने कुमळीजवळच्या एका मसाल्याच्या बागेत नेलं. माणशी 150 रुपये तिकीट. बाग दाखवणारा मुलगा चुणचुणीत होता. वेलचीची पानं माणसाहून उंच, पण बोंडं मात्र पार बुडाशी, जमिनीलगत पसरलेल्या दांड्यांना. हे त्याने खाली बसून दाखवलं. एक हिरवं बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. साधारण पाच किलो ओली वेलची सुकवली की एक किलो उरते, हेही सांगितलं. बागेतलं सगळं खरं होतं, म्हणून शेवटच्या दुकानातलंही खरंच वाटलं.

दुकानदाराने बरणी नाकाशी धरली. टपोरी, आठ मिलिमीटरची वेलची, घमघमाट सुटलेला. ‘दीदी, थेट लिलावातून आणतो, म्हणून स्वस्त.’ अर्ध्या किलोचे 1,400 रुपये दिले. पाकीट मात्र आतल्या खोलीतून सील होऊन आलं. मी ते उघडून पाहिलं नाही. बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला.

नारळी पौर्णिमेला नारळीभातासाठी पाकीट फोडलं. वास नाहीच. बोंडं हलकी, सालीला सुरकुत्या, आतले दाणे फिकट आणि चावले तर भुसा. मूठभर वेलची पाण्यात टाकली, तर दहा मिनिटांत पाणी पोपटी झालं. तेल काढून घेतलेल्या वेलचीला असा रंग चढवून विकतात. दुकानात फोन केला, तर ‘पावसाळी हवेने वास गेला असेल’ म्हणाले. नंतर फोन उचललाच नाही.

केंद्र सरकारच्या मसाला मंडळाचे (स्पायसेस बोर्ड) वेलचीचे लिलाव केरळातल्या पुट्टडी आणि तमिळनाडूतल्या बोडीनायकनूरला होतात, पण ते परवानाधारक व्यापाऱ्यांसाठी. तिथला भाव आपल्यासारख्या प्रवाशाला मिळेल यावर विश्वास ठेवू नका. बरणीतल्या वासावर जाऊ नका. जे पाकीट घरी न्यायचं तेच काउंटरवर फोडायला लावा. चार बोंडं सोला. दाणे काळसर, चिकट आणि वासाचे हवेत. नकार दिला तर उठा. ड्रायव्हर मुद्दाम थांबवतो त्या दुकानात त्याचं कमिशन असू शकतं, त्याला वाईट वाटेल म्हणून खरेदी करू नका.

त्यातली थोडी वेलची मी नणंदेला आणि शेजारच्या काकूंना भेट दिली होती. काकू रोज चहात टाकत होत्या, रंगासकट. दोन्ही घरी जाऊन मी ती परत घेऊन आले.