नावं सुचवणारं ॲप: ग्रीक कप्पा भरलेला, शोध वैतागवाणा

दादाच्या मुलीचं नक्षत्र उत्तराभाद्रपदा, म्हणजे अक्षरं दू, थ, झ, ञ. दू वरून दूर्वा, पुढे नन्नाचा पाडा. ञ वरून कोणी नाव ठेवून दाखवावंच! त्यात वहिनीला परदेशातही नीट उच्चारता येईल असं नाव हवं. तिने १९९ रुपये भरून बाळाची नावं सुचवणारं ॲप घेतलं आणि ते चाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बारशाला कानात कुर्र करणारी आत्या मी, चर्चगेट लोकलमध्ये रोज बसायला मिळतं तीही मीच.

ग्रीक कप्पा खरंच भरलेला आहे. थालिया, थिया, थिओडोरा, झोई, झेनिया. झोई म्हणजे जीवन. आई म्हणाली, "पाळणा म्हणताना जो जो की झो झो?" नाव तिथेच बाद. थिओडोरात 'थिओस' म्हणजे देव आणि 'डोरॉन' म्हणजे भेट; मुलाचं थिओडोर, म्हणजे थेट आपला देवदत्त. हेच दोन तुकडे उलटे जोडले की डोरोथी. वांद्र्यात फिलिप नावाचे काका ढिगाने भेटतील, त्यांच्या नावात घोडा आहे: 'फिलोस' आणि 'हिप्पोस', घोड्यांची आवड असणारा. गंमत या जोडकामात आहे आणि ॲप नेमकी तीच खाऊन टाकतं. थिओडोरापुढे नुसतं 'दैवी', फिलिपपुढे 'बलवान'. बलवान कुठून आला, देव जाणे.

मूळ सांगतानाही गडबड. झेनोबिया टाकलंय पारशी नावांत. दादर पारसी कॉलनीत ते ऐकू येतं हे खरं, पण ती तिसऱ्या शतकातली, सीरियातल्या पाल्मिराची राणी, आणि नाव ग्रीक, देवांचा राजा झ्यूस आणि 'बिओस' म्हणजे आयुष्य यांचं. उलट रोक्साना ग्रीक कप्प्यात! सिकंदराशी लग्न झालं म्हणून माहेरचं इराणी नाव ग्रीक होतं होय?

सगळ्यात वैताग शोधाचा. अक्षर मराठीत टाकता येतं, पण आत सगळं इंग्रजी स्पेलिंगवर चालतं. झ टाकला की झेलम, झंकार येतात. झोई, झेनिया हवं तर झेड टाकायचा. थ मागितला तर तारा आणि तन्वीही हजर. पत्रिकेवरून नाव ठेवणाऱ्यांना विकायचं ॲप, आणि थ-त मधला फरक माहीत नाही.

अथेन्समध्ये दहाव्या दिवशी नाव ठेवायचे, थोरल्याला बहुधा आजोबांचं. तिथेही घरोघरी वाद असणारच: ॲरिस्टोफेनीसच्या एका नाटकात बायकोला नावात 'हिप्पोस' हवा, नवऱ्याला आपल्या काटकसरी बापाचं नाव, तडजोडीत पोराचं होतं फिडिप्पिडीस. आमच्याकडे तडजोड थियावर झाली. ॲप म्हणतं 'देवी'. दादाने शोधलं की जवळजवळ तसंच एक नाव सूर्य, चंद्र आणि पहाट यांच्या आईचं आहे, मग तो हटेना.

पाचपैकी अडीच तारे. यादीसाठी एक महिना घ्या, अर्थ दुसरीकडे तपासा. आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहते; बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये पार तळाला, फिक्या करड्या अक्षरांत आहे.