गव्हावरील सेप्टोरिया करपा : बुरशीनाशकांच्या चार गटांची तुलना

सेप्टोरिया करप्याने ग्रासलेले गव्हाचे पान भिंगाखाली धरले, तर वाळलेल्या तपकिरी चट्ट्यात शिरांना समांतर ओळीने बसलेले काळे ठिपके दिसतात. पावसाचे थेंब पडले की त्यांतले बीजाणू वरच्या पानांवर उडतात. एका हंगामात या बुरशीच्या अनेक पिढ्या होतात आणि लैंगिक पुनरुत्पादनामुळे जनुकांची सरमिसळही होत राहते. त्यामुळे गट निवडताना बुरशी त्या औषधाला कोणत्या वाटेने सरावते, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

स्ट्रोबिल्युरिन आणि ॲझोल या दोन बुरशीनाशक गटांतला खरा फरक इथेच आहे. बुरशीच्या श्वसनाला लागणाऱ्या सायटोक्रोम बी या प्रथिनात (स्ट्रोबिल्युरिनचे लक्ष्य हेच) १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलानिन हे अमिनो आम्ल आले, की तेवढ्या एकाच बदलाने स्ट्रोबिल्युरिन जवळजवळ निकामी ठरते आणि मात्रा वाढवूनही उपयोग होत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या या गटाला दाद न देणारी बुरशी २००२च्या सुमारास ब्रिटनमध्ये आढळली आणि काही वर्षांतच वायव्य युरोपभर पसरली. तांबेऱ्यावर हा गट आजही उपयोगी आहे. पण जिथे अशी बुरशी पसरली आहे, तिथे सेप्टोरियासाठी त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲझोलांची धार मात्र पायरीपायरीने बोथट होते. ॲझोलांचे लक्ष्य असलेले विकर बनवणाऱ्या सीवायपी५१ या जनुकात एकेक बदल साठत जातो, शिवाय काही प्रकारांत बुरशी तेच विकर जास्त प्रमाणात तयार करते किंवा औषध पेशीबाहेर टाकते. एक ॲझोल कमी पडला तरी दुसरा चालू शकतो, म्हणून हा गट अजून हाताशी आहे. पण लागण झाल्यावर ती थांबवण्याची त्याची ताकद आधी घटते, त्यामुळे फवारणी लांबवणे महागात पडते.

एसडीएचआय गट (बुरशीच्या श्वसनातले सक्सिनेट डिहायड्रोजनेज हे विकर रोखणारी औषधे) प्रतिकाराच्या बाबतीत या दोहोंच्या मधला आहे. त्यालाही न जुमानणारे प्रकार युरोपात सापडले आहेत, त्यामुळे तो एकट्याने कधीच वापरू नये आणि हंगामात दोनपेक्षा जास्त वेळा तर नाहीच.

फोल्पेटसारखी स्पर्शजन्य औषधे बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करतात, त्यामुळे त्यांना प्रतिकार निर्माण होण्याची शक्यता फार कमी असते. मात्र ती पानात शिरत नाहीत, म्हणून लागणीपूर्वीच फवारावी लागतात. याच वर्गातल्या क्लोरोथॅलोनिलची मान्यता युरोपीय संघाने २०१९मध्ये पुढे वाढवली नाही, त्यामुळे तिथे फोल्पेटचे महत्त्व वाढले.

मी निवडायचे झाल्यास पहिल्या फवारणीला ॲझोलसोबत फोल्पेट घेईन, आणि ओंबीलगतचे पान पूर्ण उघडल्यावर ॲझोलसोबत एसडीएचआय. मिश्रणातला प्रत्येक घटक सेप्टोरियावर स्वतंत्रपणे चालतो का, हे मात्र आधी तपासावे. कारण बुरशी स्ट्रोबिल्युरिनला सरावलेली असेल, तर एसडीएचआय व स्ट्रोबिल्युरिन यांच्या तयार मिश्रणात सगळा भार एकट्या एसडीएचआयवर पडतो.