कुत्री, बोका आणि बाल्कनीचं फाटक: अकरा महिन्यांनंतर

मागच्या जुलैत आमच्या पार्किंगमध्ये पावसात भिजत ओरडणारं मांजरीचं पिल्लू घरी आलं. घरात आधीपासून तीन वर्षांची बुंदी होती. गावठी, बदामी रंगाची, अठरा किलोची कुत्री. पिल्लाचं नाव आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आबा ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी ते पुढचे पाय पोटाखाली घेऊन देवघरासमोर बसलं आणि आरती संपेपर्यंत हललं नाही, म्हणून आबा.

नाशिकच्या इंदिरानगरातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. आठवड्याभरातच बाल्कनीच्या दाराला सेफ्टी गेट घ्यावं लागलं. लहान मुलांसाठी मिळतं तेच. लोखंडी, पांढरं, अडीच फूट उंच, भिंतीला भोकं न पाडता दोन्ही बाजूंनी स्क्रूने दाबून बसणारं.

कारण साधं होतं. बाल्कनीत आबाचं खाणं आणि लिटर ट्रे, म्हणजे त्याचा शी-शूचा ट्रे, आणि बुंदीला दोन्हींत रस. मांजराच्या खाद्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, त्यामुळे तिला ते पक्वान्न वाटतं. ट्रेमधून ती काय उचलायची ते ज्यांच्याकडे दोन्ही प्राणी आहेत त्यांना सांगायला नको. उलट बोक्याला बुंदीच्या खाण्यावर ठेवून भागत नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं तर नजर आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. कुत्र्यांच्या खाद्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. दोघांना एकच पोतं आणून काटकसर करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर कृपा करून करू नका.

या कामाला फाटक पूर्ण उतरलं. बुंदीने मनात आणलं तर एका उडीत ती पलीकडे जाईल. सोमेश्वरला फिरायला नेलं की ती याहून उंच दगडांवर चढते. पण घरातलं फाटक म्हणजे आम्ही दिलेला शब्द, असं तिने धरलंय. आबा लहान होता तेव्हा गजांमधून जायचा, अंग भरल्यावर वरून जायला लागला. ऑक्टोबरात एका सकाळी फाटक चुकून सताड उघडं राहिलं. बुंदी उंबऱ्याशी बसून आमच्याकडे बघत राहिली, कुणीतरी ‘ये’ म्हणेल म्हणून. आबा आला, उघड्या फाटकाच्या वरच्या दांडीवर चढला आणि पलीकडे उतरला. शेजारच्या मोकळ्या वाटेकडे त्याने बघितलंही नाही. आम्ही चौघं चहाचे कप हातात धरून हसत होतो.

त्या दिवसापासून मला पटलंय की एका छपराखाली या दोघांची दोन घरं आहेत. बुंदीचं घर माणसांचं आहे. कोण सोफ्यावर, कोण बाहेर गेलंय, कोण अजून आलं नाही, हाच तिचा नकाशा. आबाचं घर जागांचं. फ्रिजचा माथा, माळा, वॉशिंग मशीन, सकाळी आठला खिडकीत पडणारा उन्हाचा चौकोन. घरात काहीही आणताना मी आता आधी विचारते, हे कोणत्या घरासाठी? सोफ्याच्या वर सुताराकडून दोन साध्या फळ्या ठोकून घेतल्या, ती आबासाठी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट. बुंदीला तशी कसलीच वस्तू लागत नाही, आपण तिच्याजवळ जमिनीवर बसलो की झालं.

पहिले तीन आठवडे मात्र कठीण होते, आणि ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोघंही चांगलेच वागत होते, फक्त आपापल्या भाषेत. आबा शेपूट काठीसारखी उभी करून पुढे यायचा. मांजराच्या रिवाजात हा नमस्कार. कुत्र्याच्या रिवाजात ताठ उभी शेपूट म्हणजे ‘बघतोस काय?’ बुंदी भुंकायची. आबा चिडून शेपूट सपासप आपटायला लागला की बुंदीला वाटायचं, हा खूश झाला! ती नाक पुढे करून जायची आणि नाकावर पंजा खायची. मग बिचारी उताणी पडून पोट दाखवायची, म्हणजे ‘हरले बाबा’. मांजर उताणं पडतं ते पुष्कळदा चारी पंजे मोकळे करून लढायला. त्यामुळे आबा अंग फुगवून मागे सरकायचा. इतक्या वेळा इतक्या मनापासून केलेली माफी इतकी वाया गेलेली मी पाहिली नाही.

डोळ्यांचंही तेच. बुंदी आपल्याकडे टक लावून बघते ते प्रेमाने. जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. मांजराला तीच नजर धमकी वाटते. त्याच्याशी बोलायचं तर डोळे हळूच मिटायचे आणि उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 सालच्या अभ्यासात मांजरांनी अशा माणसांना उलट तसंच उत्तर दिलं आणि त्यांच्या जवळही जास्त आली. आई रोज दुपारी आबाशी असं ‘बोलतात’. म्हणूनच पाहुण्यांतही आबा नेमका त्यांच्याच मांडीवर जातो ज्यांना मांजर आवडत नाही, कारण तेवढेच त्याच्याकडे बघत नाहीत. आमचे चुलतसासरे दर वेळी पंधरा मिनिटं हात वर धरून बसतात. बुंदीला बेल वाजली की खात्री असते, हे माझ्यासाठीच आले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला तेव्हा भीतीचेही दोन प्रकार दिसले. बुंदी थरथरत आमच्या पायांत शिरली, तिला माणूस हवं होतं. आबा माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागे गेला आणि रात्री सगळं शांत झाल्यावर उतरला. त्याला ओढून कुशीत घ्यायचा मोह आवरा. त्याला वर जायची वाट मोकळी ठेवा, बुंदीसारखीला जवळ घ्या.

आता नाशिककरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या जिल्ह्याची दोन मानाची पिकं, द्राक्षं आणि कांदा, या दोन्हींपासून घर जपायला हवं. फेब्रुवारीत दिंडोरीहून द्राक्षांची पेटी आली. आबाला द्राक्ष खायचं नव्हतं. मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारं एक जनुक त्याच्यात निकामी असतं. त्याच्यासाठी द्राक्ष म्हणजे चेंडू. टेबलावरून एकेक मणी पंज्याने खाली ढकलत होता. खाली बुंदी. तिला गोड कळतं, आवडतंही, आणि वरून पडलेलं सगळं तिला दिलेलंच वाटतं. माझ्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन मणी पोटात गेले होते. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली, मग रक्त तपासलं. ती ठणठणीत राहिली, पण त्या रात्री मी तिच्याशेजारी जमिनीवरच झोपले. ‘बघू सकाळी’ म्हणून थांबू नका.

कांदा दोघांनाही वाईट, मांजराला जास्त. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवला तरी दोष जात नाही. म्हणजे रश्शातली चपाती, चिकनच्या भाजीतला तुकडा, दोन्ही बंद. आईंना हे पटायला आठवडा लागला, आता त्या मसाला घालण्याआधीच चिकनचे चार तुकडे काढून ठेवतात. मे महिन्यात वर्षाचा कांदा भरला तो यंदा आम्ही बंद खोलीत पसरला.

फाटकाबद्दल राहिलेलं सांगते. स्क्रू दर दोन महिन्यांनी सैल होतात, ते आवळावे लागतात. रबराच्या बुचांचे काळे गोल डाग भिंतीवर पडलेत. पिल्लू फार लहान असेल तर गजांमधून जातंच, तेवढ्यापुरती जाळी बांधा. तरी पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन.

आत्ता जूनच्या उकाड्यात हे लिहिताना बुंदी फाटकाला पाठ लावून गार फरशीवर झोपलीय. पलीकडे फाटकाला लागून आबा. त्याची शेपूट गजांमधून तिच्या कानावर आलीय. ती झोपेतच कान झटकते, शेपूट जरा वर जाते आणि पुन्हा तिथेच येते.